दार बंद करण्याचा हक्क आणि कारण सांगण्याचे कर्तव्य

बेंगळूरुच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर २३ फेब्रुवारी २०२४ रोजी लंडनहून आलेल्या एका प्राध्यापिकेला पारपत्र तपासणीच्या टप्प्यावर थांबवण्यात आले. निताशा कौल हे त्यांचे नाव. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात त्या राज्यशास्त्र शिकवतात. जन्म गोरखपूरचा, कुटुंब काश्मिरी पंडितांचे, नागरिकत्व ब्रिटिश. जवळ भारताचे ‘ओसीआय’ कार्ड होते, म्हणजे भारतात केव्हाही येण्याची आजीवन मुभा. शिवाय कर्नाटक सरकारने भरवलेल्या संविधान व राष्ट्रीय एकता परिषदेचे अधिकृत निमंत्रण होते. सुमारे २४ तास विमानतळावर काढल्यानंतर त्यांना लंडनच्या विमानात बसवून परत पाठवण्यात आले. आदेश दिल्लीचा आहे, एवढेच आपल्याला सांगितले गेले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर पूर्वी केलेल्या टीकेचा उल्लेख अधिकाऱ्यांनी बोलण्याच्या ओघात केला, पण लेखी कारण दिले नाही, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. एका सरकारने सन्मानाने बोलावले आणि दुसऱ्या सरकारने दारातून परत पाठवले. मे २०२५ मध्ये त्यांचे ओसीआय कार्डही रद्द झाले.

दुसरे प्रकरण याच शहराशी जोडलेले आहे, मात्र त्यातील व्यक्ती विमानतळापर्यंत पोहोचूच शकली नाही. क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, बालपण आणि शिक्षण मुंबईचे. अमेरिकेत गेल्यावर त्या समाजवादी राजकारणात शिरल्या आणि २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षे सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून येत राहिल्या. त्यांच्या पुढाकाराने त्या परिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये भारताच्या नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध ठराव केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला मनाई करणारा नियम संमत केला. त्यांची वृद्ध आई बेंगळूरुला राहते. आजारी आईला भेटण्यासाठी त्यांनी केलेले व्हिसाचे अर्ज २०२४ मध्ये फेटाळले गेले आणि २०२५ च्या आरंभी तातडीचा अर्जही नाकारला गेला. त्यांच्या पतीला मात्र व्हिसा मिळाला. आपले नाव ‘नकार यादी’त आहे, असे वाणिज्य दूतावासात आपल्याला तोंडी सांगितले गेले, असे सावंत यांचे म्हणणे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण मागत तेथेच ठिय्या दिला. दूतावासाने ती अनधिकृत घुसखोरी ठरवली. गोंधळाची चर्चा झाली. व्हिसा का नाकारला, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

कौल यांचे काश्मीरविषयक विवेचन अनेकांना पटत नाही. सावंत यांचे राजकारण भारतातील डाव्यांनाही कधी कधी आततायी वाटते. दोघींशी सहमत होण्याची वाचकावर सक्ती नाही आणि हा लेख त्यांच्या मतांची वकिलीही करत नाही. प्रश्न निराळा आहे. एखाद्या व्यक्तीला देशात येऊ न देण्याची कारणे कोणती असू शकतात आणि ती कारणे त्या व्यक्तीला सांगण्याचे बंधन राज्यसंस्थेवर असावे की नाही?

हक्क निर्विवाद आहे

आपल्या भूमीवर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवण्याचा अधिकार सार्वभौमत्वातच अंतर्भूत आहे. आंतरराष्ट्रीय कायदा फक्त स्वतःच्या नागरिकाला स्वदेशी परतण्याचा हक्क देतो. परक्याला परक्या देशात शिरण्याचा हक्क देत नाही. आपली राज्यघटनाही हाच भेद करते. अनुच्छेद १९ मधील संचाराचे आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य नागरिकांपुरते आहे. अनुच्छेद १४ मधील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मात्र ‘व्यक्ती’ला, म्हणजे परकीयालाही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात सांगितले की, परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे. लुई द राएट हे बेल्जियन धर्मोपदेशक १९३७ पासून भारतात राहत होते. त्यांना देश सोडण्यास सांगितले गेले, तेव्हा १९९१ मध्ये न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. ज्याला येथे राहण्याचा हक्क नाही, त्याला येथे येण्याचा हक्क कोठून असणार?

तेव्हा नकार देण्याच्या अधिकारावर वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु आपल्याच न्यायशास्त्राचा दुसरा धागाही तितकाच बळकट आहे. मेनका गांधी यांचे पारपत्र १९७७ मध्ये जप्त झाले आणि ‘सार्वजनिक हित’ एवढेच सांगून कारणे देण्यास सरकारने नकार दिला. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, व्यक्तिस्वातंत्र्याला हात घालणारी कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि विवेकाला धरून असली पाहिजे. ते प्रकरण नागरिकाचे आणि देशाबाहेर जाण्याचे होते, हे खरे. पण मनमानी हा समतेचा शत्रू आहे, हे त्या निकालातले सूत्र अनुच्छेद १४ वर उभे आहे आणि तो अनुच्छेद पारपत्राचा रंग पाहत नाही.

कारणांची यादी

जगभर प्रवेश नाकारण्याची कारणे स्थूलमानाने सात प्रकारची आढळतात. पहिले कागदपत्रांचे: पारपत्र वा व्हिसा नसणे, तो बनावट असणे किंवा ज्या कामासाठी घेतला त्याहून वेगळे काम करणे. दुसरे आरोग्याचे. आफ्रिकेतील काही देशांतून परतणाऱ्यांना पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड जवळ का लागते, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना आणि खलाशांना चांगले ठाऊक आहे. ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. तिसरे गुन्हेगारी पार्श्वभूमीचे. चौथे आर्थिक: खर्चाची ऐपत नसणे, सरकारी मदतीवर भार पडण्याची शक्यता. पाचवे पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचे. सहावे राष्ट्रीय सुरक्षेचे. सातवे हेतूचे: पर्यटक म्हणून येणारा येथेच राहील, असा संशय.

हे सातवे कारण महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईला मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात दोन मिनिटांच्या मुलाखतीनंतर एक छापील कागद मिळतो. त्यावर कलम २१४(ब) असे लिहिलेले असते. अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरायचे आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकायची, असे हे कलम आहे. अमेरिकी न्यायालये दूतावासाच्या अशा निर्णयांत सहसा हात घालत नाहीत. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाच्या पतीला व्हिसा नाकारल्याच्या प्रकरणातही हात आखडताच घेतला. तरीही कलमाचा क्रमांक हाती असतो. कोणती शंका दूर करायची हे कळते. घराचे कागद, नोकरीचे पत्र, निवृत्तिवेतनाचा दाखला घेऊन पुन्हा रांगेत उभे राहता येते.

युरोपातील शेंगेन देशांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार नकाराचे कारण ठरावीक नमुन्यातील पत्रकावर नोंदवून द्यावे लागते आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची तेही सांगावे लागते. दुसऱ्या सदस्य देशाच्या आक्षेपामुळे व्हिसा नाकारला असेल, तर तो देश कोणता हे अर्जदाराला कळले पाहिजे, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले.

आठवे एक कारण असते आणि ते कायद्याच्या यादीत उघडपणे क्वचितच लिहिलेले असते: माणसाची मते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात साम्यवादी विचारांच्या व्यक्तींना थेट बंदी होती. बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना विद्यापीठांनी व्याख्यानांसाठी बोलावले, सरकारने रोखले, आणि १९७२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारचीच बाजू घेतली. मात्र सरकारने दिलेले कारण सकृद्दर्शनी वैध आणि प्रामाणिक असले पाहिजे, एवढी अट घातली. पुढे १९९० मध्ये संसदेने कायदा बदलून केवळ मतांसाठी होणाऱ्या बंदीला बऱ्याच अंशी आळा घातला. त्याच देशात २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. मतांची झडती नव्या दाराने परत आली आहे आणि तिच्या रांगेत उभे असणाऱ्यांत भारतीय मुले मोठ्या संख्येने आहेत.

येथे एका जुन्या नकाराची आठवण अप्रस्तुत ठरू नये. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना मार्च २००५ मध्ये अमेरिकेने राजनैतिक व्हिसा नाकारला आणि आधीचा पर्यटन-व्यवसाय व्हिसा रद्द केला. तेव्हा केंद्रात मनमोहन सिंग यांचे सरकार होते आणि त्याने राजकीय वैर बाजूला ठेवून अधिकृत निषेध नोंदवला. तो निषेध करता आला, त्यावर देशभर वाद झाला, याचे एक कारण असे की अमेरिकेने आपल्या कायद्याचे नेमके कलम जाहीर केले होते. धार्मिक स्वातंत्र्याच्या उल्लंघनाशी संबंधित ते कलम अन्यायाने लावले, असे म्हणायला जागा होती, कारण ते कलम समोर होते.

यादी माणसाहून दीर्घायुषी असते

ज्या नोंदीचे कारण सांगितले जात नाही ती पुसलीही जात नाही, हे आपला इतिहास सांगतो. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबईतून उचलून इंग्लंडला धाडले. ते स्वतः इंग्रज होते, तरी त्यांची लेखणी साम्राज्याला जड झाली होती. परत येण्याची परवानगी त्यांना वर्षानुवर्षे मिळाली नाही. ते परतले १९२६ मध्ये. मुंबईतील एल्फिन्स्टन सर्कलला आज त्यांचे नाव आहे. एका काळात देशाबाहेर ठेवण्याजोगा ठरलेला माणूस पुढच्या काळात चौकाला नाव देण्याजोगा ठरला.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची कथा याहून बोचरी आहे. गदर चळवळीच्या उभारणीतले हे मराठी क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी मक्याच्या वाणांवर केलेले काम तेथे आजही आदराने सांगितले जाते. देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला आणि स्वतंत्र भारताच्या यंत्रणेने तो प्रथम नाकारला. कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते! ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते राज्य गेले, ध्वज बदलला, यादी तशीच फडताळात राहिली. पुढे बंदी उठली आणि ते नागपुरात येऊन राहिले; १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणा अधिकाऱ्याने त्या नावापुढचे कारण वाचून पाहिले असते, तर तो पहिला नकार गेला नसता.

समूहाला एकाच फटक्यात यादीत टाकण्याचा अनुभव अलीकडचा आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत दिल्लीतील तबलीगी मेळाव्याशी संबंध असलेल्या अडीच हजारांहून अधिक परदेशी व्यक्तींना दहा वर्षे प्रवेशबंदी जाहीर झाली. त्यांपैकी काहींवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदवले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ते गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याची शक्यता बोलून दाखवली. फौजदारी आरोप न्यायालयात तपासता आला म्हणून तो कोसळला. प्रवेशबंदीचा निर्णय असा तपासला जाण्याची सोय नसते.

यशवंतपूरच्या शेजारी

बेंगळूरुच्या वायव्येला यशवंतपूर आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या कित्येक गाड्यांचे हे शेवटचे स्थानक, म्हणून मराठी प्रवाशाला हे नाव ठाऊक असते. स्थानकाच्या एका अंगाला पीण्याची औद्योगिक वसाहत पसरली आहे. दुसऱ्या अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचे झाडीने भरलेले आवार आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूरच्या संस्थानाची जमीन, अशा योगातून १९०९ मध्ये ही संस्था उभी राहिली. परक्याला दार उघडण्याचे मोल काय असते, याचा एक धडा याच आवारात मिळतो.

नाझी सत्तेने १९३३ मध्ये ज्यू वंशाच्या मॅक्स बॉर्न यांची ग्योटिंगेनमधील प्राध्यापकी हिरावली. संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना बेंगळूरुला बोलावले आणि १९३५-३६ मधील काही महिने बॉर्न येथे राहिले. त्यांना कायमचे पद द्यावे, हा रामन यांचा आग्रह संस्थेतील विरोधामुळे सफल झाला नाही. स्वतःच्या देशाने हाकललेला हा परका आपल्याला कशाला, असा सूर एका इंग्रज प्राध्यापकाने बैठकीत लावला होता. बॉर्न एडिंबराला गेले आणि १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण तेव्हा काय गमावले याचा हिशेब निदान मांडता येतो, कारण तो विरोध बैठकीत उघडपणे झाला होता, त्याला रामन यांनी उत्तर दिले होते आणि तो इतिहासाला ज्ञात आहे.

आज अशा संस्थेत आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची तर परदेशी पाहुण्यासाठी परिषदेचा वेगळा व्हिसा लागतो. त्यासाठी निमंत्रणपत्राबरोबर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मान्यता आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला मान्यता जोडावी लागते. या अटींत आक्षेपार्ह असे काही नाही. नियम आधी ठाऊक असतात आणि पाळता येतात. अडचण येते ती सर्व कागद पुरे असताना दारात थांबवले जाते तेव्हा. मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांनी केरळवर तीन दशकांहून अधिक काळ काम केले. मार्च २०२२ मध्ये त्यांना तिरुवनंतपुरम विमानतळावरून परत पाठवण्यात आले. हिंदी साहित्याच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत तेच भोगावे लागले. पूर्वीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्यामुळे त्यांचे नाव मार्च २०२५ पासून काळ्या यादीत होते, असे सरकारी सूत्रांनी पत्रकारांना सांगितले. पर्यटक व्हिसावर संशोधन करणे हा नियमभंग असेल तर तो गंभीरपणे घ्यावा. पण मग ते कारण मार्चमध्येच त्यांना पत्राने का कळू नये? नाव न सांगणाऱ्या सूत्रांकडून ते वर्तमानपत्रांना का कळावे?

नवा कायदा, जुनी सवय

परकीयांविषयीचे आपले कायदे बहुतांशी साम्राज्याच्या गरजेतून आले होते: १९२० चा पारपत्र कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय व्यक्ती कायदा. जोडीला २००० चा विमान व जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा. हे चारही बाजूला सारून संसदेने एप्रिल २०२५ मध्ये एकच कायदा संमत केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. विखुरलेले नियम एकत्र आले, इमिग्रेशन ब्यूरोला कायद्याचा पाया मिळाला, बनावट पारपत्रासाठी शिक्षा वाढली. हे सर्व स्वागतार्ह आहे.

नकाराची कारणेही या कायद्यात लिहिली गेली. राष्ट्रीय सुरक्षा, देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, परकीय राष्ट्राशी असलेले संबंध आणि सार्वजनिक आरोग्य यांना धोका असेल तर प्रवेश मिळणार नाही. त्यानंतरच्या आदेशात हेरगिरी, हत्या, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थांची तस्करी अशा गुन्ह्यांतील दोषींचाही उल्लेख आला. एवढ्यावर थांबले असते तर ही यादी कोणत्याही लोकशाही देशाच्या यादीशी जुळली असती. परंतु त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. केंद्र सरकार आदेशाने ठरवील ती अन्य कारणेही यात मोडतील, ही एक. आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील, ही दुसरी. पहिलीमुळे यादीला शेवट उरत नाही आणि दुसरीमुळे चुकीला उपाय उरत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट खुली असते; पण लंडन वा सिएटलमध्ये परत पाठवलेल्या व्यक्तीने दिल्लीत वकील गाठून ती चालायची म्हणजे महिने आणि वर्षे.

ओसीआय कार्डधारकांची स्थिती अधिक विचित्र आहे. चाळीस लाखांहून अधिक कार्डे दिली गेली आहेत आणि त्यांत परदेशी स्थायिक झालेली असंख्य मराठी कुटुंबे आहेत. कार्ड रद्द करायचे तर बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशी तरतूद २०१९ मध्ये कायद्यात आली. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार अशा कामांसाठी त्यांनाही वेगळी परवानगी आवश्यक केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोपपत्र दाखल झाले तरी कार्ड रद्द होऊ शकेल, असे ठरले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक अशोक स्वाईन यांचे कार्ड सरकारने रद्द केले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो आदेश मोडीत काढला. कलमाची भाषा उतरवून काढण्यापलीकडे आदेशात कारण असे काही नव्हतेच. सरकारने त्याच महिन्यात नवा आदेश काढला. मार्च २०२५ मध्ये तोही रद्द झाला. ज्याचे कार्ड कागदोपत्री रद्द होते तो निदान भांडू शकतो. ज्याचे कार्ड शाबूत आहे, पण ज्याला विमानतळावरून परत धाडले जाते, त्याच्या हाती आव्हान देण्यासाठी आदेशाचा कागदही नसतो.

सुनावणी नसण्याची किंमत फक्त परकीयांनाच मोजावी लागते, असेही नाही. महाराष्ट्रात मोलमजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही मुस्लिम मजुरांना जून २०२५ मध्ये बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. स्वदेशी परतण्याचा हक्क ज्यांना घटनेने दिला आहे, त्यांनाच तो आधी सिद्ध करावा लागला. कारण विचारण्याची आणि तपासण्याची सवय एकदा सुटली, की परका आणि आपला हा भेदही पुसट होतो.

सुरक्षेचा युक्तिवाद

यावर सरकारच्या बाजूने जे म्हटले जाते ते हलक्यात काढण्याजोगे नाही. गुप्तवार्तेवर आधारलेले कारण सांगितले तर माहिती देणाऱ्याचा जीव धोक्यात येईल. मित्रदेशाने विश्वासाने दिलेली वार्ता फुटेल. न्यायालयात दर वेळी झगडा होईल. राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रसंगी नैसर्गिक न्यायाची तत्त्वे बाजूला ठेवता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्यही केले आहे. २६/११ चा घाव सोसलेल्या महाराष्ट्राला तर हे समजावून सांगायला नको. त्या हल्ल्याची पूर्वतयारी करणारा डेव्हिड हेडली रीतसर व्हिसा घेऊनच मुंबईत वारंवार आला होता.

तरीही या युक्तिवादाचे उत्तर आपल्याच राज्यघटनेत दिलेले आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेइतका कठोर अधिकार राज्यसंस्थेकडे दुसरा नाही. असे असूनही अनुच्छेद २२ नुसार स्थानबद्ध व्यक्तीला तिच्या स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात. लोकहिताला बाधक ठरेल असा तपशील तेवढा मागे ठेवता येतो. तीन महिन्यांहून अधिक काळ कोणाला डांबायचे तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. कारण आणि तपशील यांत घटनाकारांनी केलेला हा भेद फार मोलाचा आहे. ‘तुम्ही अमुक संघटनेला मदत करता असा आमचा निष्कर्ष आहे’ हे कारण झाले. तो निष्कर्ष कोणाच्या सांगण्यावरून काढला हा तपशील झाला. पहिले सांगून दुसरे झाकता येते. देशाला धोकादायक मानून तुरुंगात ठेवलेल्या माणसाला आपण जे देतो, ते परिषदेसाठी आलेल्या प्राध्यापिकेला किंवा आईला भेटू पाहणाऱ्या मुलीला देता येऊ नये, हे तर्काला पटत नाही.

न्यायालयाची अलीकडची भूमिकाही याच दिशेची आहे. ‘मीडिया वन’ या मल्याळी वाहिनीला सुरक्षाविषयक मान्यता नाकारून सरकारने कारणे बंद पाकिटात न्यायालयापुढे ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बंदी उठवताना बजावले की, राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येणार नाही. तो पुराव्यावर उभा असला पाहिजे. ब्रिटनमध्ये सुरक्षेच्या कारणाने देशाबाहेर काढण्याच्या प्रकरणांसाठी १९९७ च्या कायद्याने विशेष आयोग नेमला गेला. गोपनीय पुरावा त्यात विशेष वकिलाला दाखवला जातो, बाधित व्यक्तीला नव्हे. ती व्यवस्था निर्दोष नाही. पण गुपित राखूनही निर्णय तपासता येतो, एवढे तिने दाखवून दिले आहे.

काय करता येईल

चार सुधारणा अवघड नाहीत. एक, प्रत्येक नकाराबरोबर लेखी पत्रक द्यावे आणि नव्या कायद्यातील कोणत्या कारणाखाली प्रवेश नाकारला हे त्यावर नोंदवावे. कारण कायद्यात नसेल तर नकारही नसावा. दोन, ज्यांच्याकडे वैध व्हिसा वा ओसीआय कार्ड आहे, त्यांचे नाव यादीत चढताच त्यांना कळवावे, म्हणजे सात समुद्र ओलांडून आल्यावर विमानतळावर रात्र काढण्याची वेळ येणार नाही. तीन, निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली छोटे पुनर्विलोकन मंडळ नेमावे. त्याने गोपनीय कागद पाहावेत, ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा आणि यादीतील प्रत्येक नाव काही वर्षांनी नव्याने तपासावे. चार, कोणत्या कारणाखाली किती जणांना प्रवेश नाकारला, याची आकडेवारी दरवर्षी संसदेपुढे ठेवावी. नावे नकोत, संख्या पुरे. ‘मते’ हा रकाना त्या तक्त्यात असणार नाही, आणि नेमक्या त्याच कारणामुळे तो तक्ता उपयोगी ठरेल.

यात आपला स्वार्थही आहे. परदेशांत राहणारे जगातले सर्वांत मोठे समूह ज्या मोजक्या देशांचे आहेत, त्यांत भारत अग्रभागी आहे. परदेशी दूतावासांच्या रांगेत आपली मुले आणि त्यांचे आईवडील रोज उभे असतात. कोण्या देशाने एखाद्या मराठी विद्यार्थ्याला त्याच्या जुन्या एका समाजमाध्यमी टिप्पणीसाठी परत पाठवले, तर कारण विचारण्याचा नैतिक अधिकार भारत सरकारजवळ असायला हवा. आपण स्वतः कारण देत असू, तरच तो टिकेल. कायदा नुकताच लागू झाला आहे आणि त्याखालील नियम व आदेश अजून घडत आहेत. लेखी कारणाची तरतूद करायला संसदेची नवी बैठकही लागणार नाही. गृह मंत्रालयाचा एक आदेश पुरेसा आहे.